आत्याबाईंचा ध्वनिवर्धक

मनुष्य वृद्ध होऊं लागला म्हणजे त्याच्या इंद्रियांपैकीं प्रथम कोणतें इंद्रिय रजा घेतें, याविषयीं मतभेद असूं शकतील. परंतु कोणत्या इंद्रियाच्या जाण्यानें तो सर्वांत अधिक एकाकी होतो, असें कोणीं विचारलें तर मी निःशंकपणें कानाचें नांव घेईन. डोळे अधू झालेल्या माणसाला चारचौघे हात धरून ओसरीवर आणून बसवतात, आणि तो त्यांच्या बोलण्यांत सामील होतो. कान गेलेला मनुष्य मात्र चारचौघांत बसूनहि चारचौघांच्या बाहेरच असतो. त्याच्याशीं बोलावयाचें म्हणजे ओरडावें लागतें. आणि ओरडून सांगण्याजोगें संसारांत फार थोडें असतें. आमटींत मीठ अंमळ अधिक पडलें, शेजारच्या गाईला कालवड झाली, आज पावसाचीं चिन्हें दिसतात, असल्या गोष्टी कोणी ओरडून सांगत नाहीं. आणि घर म्हणून जें कांहीं असतें तें बहुतेक याच बारीकसारीक गोष्टींचें बनलेलें असतें.

माझ्या आत्याबाईंचें वय आज 87 वर्षांचें आहे. त्या महाडास आमच्या वडिलोपार्जित घरीं माझ्या धाकट्या बंधूंच्या कुटुंबांत राहतात. मी शाळेंतून निवृत्त झाल्यावर पोलादपुरासच राहिलों. दोन्ही गांवांमध्यें अठरा-वीस किलोमीटरांचें अंतर, त्यामुळें आठवड्यांतून एक फेरी होतेच. गेल्या कांहीं वर्षांत आत्याबाईंना ऐकूं येणें कमी कमी होत गेलें. कानाच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हा वार्धक्याचा परिणाम आहे. वरच्या पट्टीचे नाद प्रथम जातात, खालचे बरेच दिवस टिकतात. त्यांनीं दिलेलें श्रवणयंत्र आत्याबाईंनीं महिनाभर वापरलें आणि मग तें डबींत घालून देवघराच्या फडताळांत ठेवून दिलें. "कानांत शिट्टी वाजते, आणि माणसांपेक्षां भांडींच जास्त बोलतात," ही त्यांची तक्रार.

हा सर्व प्रपंच सांगण्याचें कारण एक जुनी ध्वनिफीत. पोलादपूर येथें कवींद्र परमानंद यांची समाधि आहे. शिवकालांत 'शिवभारत' हें संस्कृत काव्य रचणारा हा कवि आमच्या गांवीं विसावला, याचा आम्हां संस्कृताच्या उपासकांना मोठा अभिमान वाटतो. माझे वडील वृत्तीनें भिक्षुक व आवडीनें प्रवचनकार होते. 1984 सालीं त्यांनीं पोलादपुरांत या काव्यावर सात दिवस प्रवचनें केलीं, आणि मुंबईहून आलेल्या एका आप्तांनीं शेवटच्या दिवसाचें प्रवचन टेपवर उतरून घेतलें. वडील 1993 सालीं निवर्तले. फीत महाडच्या घरीं माळ्यावरील पेटींत पडून राहिली.

पुढें 22 जुलै 2021 रोजीं सावित्री व गांधारी या दोन्ही नद्या पात्र सोडून महाडांत शिरल्या. त्या दिवसाचें वर्णन येथें करीत नाहीं. त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळली, आणि आमच्या पोलादपूर तालुक्यांतहि केवनाळे व साखर-सुतारवाडी येथें डोंगर खालीं आला. त्या दुःखापुढें आमच्या तळमजल्यावरचीं कपाटें आणि गाद्या गेल्या हें बोलून दाखविण्याचीहि लाज वाटते. टेप वाजविण्याचें यंत्र चिखलांत गेलें. माळ्यावरची फीत मात्र वांचली. माझा एक जुना विद्यार्थी महाडांत रेडिओ व मोबाइल दुरुस्तीचें दुकान चालवतो. त्यानें ती फीत दुसऱ्या यंत्रावर चालवून मोबाइलमध्यें उतरवून दिली, आणि इतक्या वर्षांनंतर मीं वडिलांचा आवाज ऐकला.

त्या प्रवचनाच्या अखेरीस वडील आपल्या विद्याभ्यासाविषयीं चार वाक्यें बोलले आहेत. ते म्हणतात कीं, आजोबा मला ओसरीवर शब्दरूपें शिकवीत, आणि माझी धाकटी बहीण माजघरांत निवडणटिपण करीत तीं ऐके. मी अडलों म्हणजे दाराआडून ती हळूच पुढचें रूप सांगे. लोक मला व्युत्पन्न म्हणतात, परंतु माझी पहिली गुरु ती. हीं वाक्यें ज्यांच्याविषयीं होतीं त्या आत्याबाई त्या काळीं नागपुरास आपल्या संसारांत होत्या. त्यांनीं तीं कधींच ऐकलीं नव्हतीं; आणि ज्या वेळीं त्या महाडास परत आल्या त्या वेळीं त्यांचे कान त्यांना सोडून चालले होते.

कोणी म्हणेल, कागदावर लिहून द्यावयाचें होतें. डोळे त्यांचे अजून चांगले आहेत. तें मला सुचलें नव्हतें असें नाहीं. परंतु आपल्या भावानें आपल्याविषयीं काय म्हटलें, हें पुतण्याच्या अक्षरांत वाचणें आणि तें भावाच्या तोंडून ऐकणें, यांत नैवेद्याचें ताट पाहणें आणि प्रसाद मुखीं पडणें यांइतकें अंतर आहे. ज्या बाईला शिकण्याचा अधिकार कोणीं दिला नाहीं, तिला मिळालेली ही एकुलती एक पदवी तिच्या कानांवर पडावी, असें मला फार वाटूं लागलें.

प्रथम आम्हीं बाजारांत मिळतो तसा एक मोठा स्पीकर आणून लावला. घर दणाणून गेलें. आत्याबाईंचा चेहरा क्षणभर उजळला. "दादाच हा!" त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळानें, "पण बोलतो काय तें समजत नाहीं रे." आवाज आणखी मोठा केला तरी तेंच. येथें मला माझें जुनें व्याकरण उपयोगीं पडलें. आपल्या पूर्वजांनीं वर्णांचे स्वर आणि व्यंजन असे दोन भाग केले. स्वर स्वतःच्या बळावर उभा राहतो. व्यंजन हें व्यक्त करणारें, अर्थ उघड करून दाखविणारें. आजचें ध्वनिशास्त्र त्यांत मापांची भर घालतें, इतकेंच. पुरुषाच्या कंठाचा मूळ नाद सेकंदाला शंभर ते दीडशें कंपनांचा असतो, आणि स्वरांचें बहुतेक बळ एक हजाराच्या आंत सामावतें. उलट 'स' किंवा 'श' यांचा जो फूत्कार तो चार हजारांच्या आसपास व त्याहिवर असतो, आणि बळानें अगदीं क्षीण. म्हातारपण वरचें नेतें आणि खालचें ठेवतें. म्हणजे स्वर ठेवतें आणि व्यंजनें नेतें. बाजारी स्पीकर तर नाचगाण्यासाठीं बनवलेला. तो खालचेंच बळ दुप्पट करणार. आधींच झांकलेल्या व्यंजनांवर त्यानें आणखी एक घोंगडें टाकलें.

तेव्हां हवा होता तो मोठा आवाज नव्हे, तर निवडक आवाज. असा ध्वनिवर्धक विकत शोधण्यापेक्षां तो बांधावा, असें आमच्या विद्यार्थ्यानें सुचविलें. "गुरुजी, चार ट्रॅन्झिस्टरांचें काम आहे. तुम्हीं आम्हांला रूपावली शिकवलीत, ही त्याहून सोपी." मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, विजेचा आणि माझा संबंध दिव्याच्या बटणापुरता. परंतु निवृत्त मनुष्याजवळ वेळ असतो, आणि जन्मभर शिकविलेल्या माणसाला शिकावयास बसण्याची एक वेगळीच गोडी वाटते. पावसाळ्याचे दोन महिने मी शनिवारीं त्याच्या दुकानांतल्या स्टुलावर बसलों.

प्रथम शंका मूळ सिद्धान्ताचीच. लहान आवाज मोठा होतो म्हणजे काय होतें? नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला, आणि तो कानापर्यंत कसा येतो याचे दोन दृष्टान्त दिले: एक वीचितरंगाचा, लाटेंतून लाट निघावी तसा, दुसरा कदंबमुकुलाचा, कदंबाच्या कळ्या सर्व बाजूंनीं एकदम फुटाव्या तसा. आज आपण आकाशाच्या जागीं हवा म्हणतों. पण दोन्ही दृष्टान्त अजून खरे आहेत. शब्द लाटेनें जातो, आणि सर्व बाजूंस जातो म्हणूनच दूर जातां जातां क्षीण होतो. आमच्या रायगडावर नगारखान्यापाशीं हलक्या आवाजांत बोललेलें सुमारें दोनशें फुटांवरील सिंहासनाच्या जागीं ऐकूं येतें, हें पाहुण्यांना दाखविण्याची येथें प्रथाच आहे. तेथें बांधणारानें आवाजांत कांहीं भर घातलेली नाहीं. फक्त त्याला वाटेंत फार सांडूं दिलेलें नाहीं. ट्रॅन्झिस्टराची गोष्ट वेगळी. तो खरोखरच बळ घालतो. मात्र तें बळ त्याचें नव्हे, बॅटरीचें.

भाताच्या खाचरांना पाटानें पाणी देतात तें वाचकांनीं पाहिलें असेल. पाटाच्या तोंडाशीं एक फळी असते. पोरगा ती फळी बोटभर वर-खालीं करतो आणि खालीं खाचरांत पाण्याचा लोंढा कमी-अधिक होतो. पोराचें बळ पाण्यांत गेलें असें कोणी म्हणणार नाहीं; परंतु पाणी त्याच्या हाताच्या हालचालीप्रमाणें वागलें. ट्रॅन्झिस्टराला तीन पाय असतात. बेस नांवाच्या पायांत सूक्ष्म प्रवाह शिरतो, ती फळी. कलेक्टराकडून एमिटराकडे मोठा प्रवाह वाहतो, तो पाट. लहानाचें मोठें होत नाहीं; मोठें लहानाचा आकार धारण करतें. शिकविण्याच्या धंद्यांत जन्म घालविलेल्या मला हें वाक्य पटावयास मुळींच वेळ लागला नाहीं.

या वस्तूचा जन्म 1947 सालचा. ज्या वर्षीं आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीं डिसेंबरच्या 16 तारखेस अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या तुकड्यावर हा चमत्कार प्रथम घडवून आणला. आणि एका आठवड्यानें, 23 तारखेस, तो वरिष्ठांना दाखवितांना त्यांनीं त्यांतून माणसाचें बोलणेंच मोठें करून ऐकविलें. त्यांचे सहकारी विल्यम शॉक्ली यांनीं त्यापुढें अधिक टिकाऊ रचना शोधिली, व तिघांना मिळून 1956 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज ज्याला आपण संगणक म्हणतों त्याच्या पोटांत हेच ट्रॅन्झिस्टर कोट्यवधींनीं असतात. पण त्यांचें पहिलें काम बोललेला शब्द दुसऱ्याच्या कानापर्यंत पोंचविणें हेंच होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां प्रत्यक्ष रचना. आम्हीं घेतलेला ट्रॅन्झिस्टर बीसी 547 या जातीचा; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत तो दोन-चार रुपयांत मिळतो. त्याची सपाट बाजू आपल्याकडे करून पाय खालीं धरले म्हणजे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. कांहीं दुसऱ्या जातींत हा क्रम नेमका उलटा असतो, म्हणून जोडण्यापूर्वीं तो पाहूनच घ्यावा.

बॅटरी 9 व्होल्टांची. शांत स्थितींत कलेक्टरावरील दाब साधारण मध्यावर, साडेचार-पांच व्होल्टांवर असावा. कारण नाद हा झोंपाळ्यासारखा दोहों बाजूंस झुलणारा आहे. झोंपाळा भिंतीला लागून टांगला तर एका बाजूचा झोका भिंतीवर आपटेल, आणि ऐकणाराला आवाज फाटल्यासारखा वाटेल. प्रवाह सुमारें एक मिलिअँपिअर धरला. एमिटराच्या वाटेंत 1 किलोओमचा रोधक, म्हणजे तेथें एक व्होल्टाच्या आसपास दाब. बेस त्याहून सुमारें 0.65 व्होल्टानें वर असल्याखेरीज ट्रॅन्झिस्टर जागा होत नाहीं, म्हणून बेसवर दीड-पावणेदोन व्होल्ट हवे. ते 47 आणि 10 किलोओमच्या दोन रोधकांनीं बॅटरीचा दाब वांटून मिळतात: 9 व्होल्टांचे 57 भाग केले आणि त्यांतले 10 घेतले तर 1.58 येतात, त्यांतून बेस आपला थेंबभर घोट घेतो आणि मीटरवर 1.54 दिसतात. मग एमिटरावर 0.9 व्होल्ट, प्रवाह 0.9 मिलिअँपिअर, आणि कलेक्टराच्या 4.7 किलोओमच्या रोधकांत सुमारें 4.2 व्होल्ट खर्च होऊन कलेक्टरावर 4.8 उरतात. कागदावर काढलेला आंकडा आणि मीटरचा आंकडा जुळला तेव्हां, सूत्रें लावून रूप सिद्ध करावें आणि तें ग्रंथांत जसेंच्या तसें सांपडावें, तसा आनंद मला झाला.

या रचनेंत मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच. एकाच जातीचे ट्रॅन्झिस्टरहि स्वभावानें सारखे नसतात. बीसी 547 मधला एखादा बेसच्या प्रवाहाची सव्वाशें पट करील, तर दुसरा पांचशें पट. पण येथें आवाजाची वाढ कलेक्टराच्या व एमिटराच्या रोधकांच्या प्रमाणावर, म्हणजे 4.7 ला 1, यावर ठरते. ट्रॅन्झिस्टर तल्लख आहे कीं मंद यानें तींत फारसा फरक पडत नाहीं. वर्गांत चाळीस मुलें चाळीस तऱ्हेचीं असतात. परंतु शिस्त नीट आंखली तर सर्वांकडून सारखें काम करून घेतां येतें. मोबाइलमधून येणारा आवाज मुळांत पुरेसा असल्यामुळें ही पावणेपांच पट वाढ आम्हांला पुरली.

पुढें स्पीकर आहे 8 ओमचा, म्हणजे प्रवाहाचा मोठा भुकेला. पहिला ट्रॅन्झिस्टर आकार चांगला देतो, पण त्याच्या अंगांत तेवढा जोर नाहीं. म्हणून मध्यें एक ट्रॅन्झिस्टर आणि शेवटीं परस्परविरुद्ध जातीच्या दोघांची जोडी. लाटेचा वरचा भाग एकानें उचलावयाचा, खालचा दुसऱ्यानें; वीरेश्वराच्या छबिन्यांत पालखी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जावी तसें.

यंत्र जोडून झालें. बॅटरी लावली, मोबाइल चालू केला, आणि स्पीकर स्तब्ध! येथून शोधाचें प्रकरण सुरू झालें, आणि खरें सांगावयाचें तर रचनेपेक्षां मला तेंच अधिक रुचलें. विद्यार्थ्याचा नियम असा कीं, हात लावण्यापूर्वीं मीटर लावावा. कलेक्टरावर पाहिलें तर पूर्ण 9 व्होल्ट, बेसवर जेमतेम 0.4. म्हणजे ट्रॅन्झिस्टर झोंपलेला. बेसचा दाब कोण खातें? मीं मोबाइलची वायर काढून पुन्हां पाहिलें, तर बेसवर 1.5 आणि ट्रॅन्झिस्टर जागा! वायर लावली, निजला, काढली, उठला. तर्कशास्त्रांत ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात तो याहून स्वच्छ मीं कोठें पाहिला नाहीं: हें असतां तें असतें, हें नसतां तें नसतें. दोहोंच्या मध्यें एकच वस्तु होती: 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. कंडेन्सराचें काम हेलकावणारा नाद पुढें सोडावयाचा आणि स्थिर दाब अडवावयाचा. हा कंडेन्सर पुरांत बुडालेल्या आमच्याच टेपमधून काढलेला होता. वरून धड दिसे, पण आंतून गळका झालेला. बेसचा दाब त्यांतून मोबाइलकडे झिरपत होता. नवा घातला आणि वडील बोलूं लागले.

दुसरी पीडा गुणगुणण्याची. सेल वांचावे म्हणून भिंतींतल्या विजेवर चालणारा अडॉप्टर लावला, तर प्रवचनाच्या मागें कोणी भ्रमर कोंडल्यासारखा अखंड नाद. सेल लावले कीं भ्रमर गेला. पुन्हां अन्वय-व्यतिरेक, दोष विजेच्या पुरवठ्यांत. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळां हेलकावते. अडॉप्टर तिला सरळ करतो, पण स्वस्त अडॉप्टरांत सेकंदाला 100 लहरी शिल्लक राहतात, आणि ध्वनिवर्धक बिचारा त्यांनाहि इमानानें मोठें करतो. पहिल्या ट्रॅन्झिस्टराच्या वाटेंत एक लहान रोधक आणि त्यामागें 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातल्यावर, गढूळ पाणी हंड्यांत निवावें तशी वीज निवळली.

तिसरा दोष सूक्ष्म होता. मोठ्या आवाजांत कांहीं जाणवेना, पण वडील जेथें हळू बोलत तेथें शब्दांना करवतीचे दांते आल्यासारखे वाटत. सामान्य दोष मोठ्या आवाजांत वाढतात. हा लहान आवाजांत वाढे. या उलट लक्षणानेंच त्याचें मूळ उघडें पडलें. शेवटच्या जोडींतील प्रत्येक ट्रॅन्झिस्टराला जागें होण्यास 0.6 व्होल्ट लागतात. एकानें खांदा काढला आणि दुसऱ्यानें अजून दिला नाहीं, असा एक क्षण प्रत्येक लाटेंत येतो, आणि तेवढ्यापुरती पालखी अधांतरीं. मोठ्या लाटेंत तो लपतो, लहानींत दिसतो. उपाय असा कीं, दोघांच्या बेसमध्यें दोन डायोड घालून दोघांनाहि अर्धवट जागें ठेवावयाचें, म्हणजे एकाचा खांदा सुटण्यापूर्वीं दुसऱ्याचा लागलेला असतो. आमच्या पाटीवर त्या दोहोंपैकीं एक डायोड जन्मतःच निकामी निघाला. तो बदलतांच दांते गेले.

यंत्र निर्दोष झालें. मी तें महाडच्या घरीं नेऊन आत्याबाईंच्या खाटेशीं मांडलें. आवाज स्वच्छ, भरदार. "दादा!" त्या म्हणाल्या, आणि शब्द? शब्द अजूनहि नाहींत. यंत्रांत दोष नव्हता; त्यानें स्वर-व्यंजनांना समान न्याय दिला होता, आणि आत्याबाईंच्या कानांना समान न्याय पुरत नव्हता.

येथें तोच दाराशीं बसलेला कंडेन्सर उपयोगीं पडला. कंडेन्सर जितका लहान तितका तो मंद कंपनांना अधिक अडवितो. आमच्या पहिल्या ट्रॅन्झिस्टराच्या तोंडाशीं सुमारें 8 किलोओमचा रोध, त्याबरोबर 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असला तर सेकंदाला दोन कंपनांपर्यंतचें सारें आंत येतें, 0.047 मायक्रोफॅरडचा घातला तर सव्वाचारशेंच्या खालचें हळूहळू गळूं लागतें आणि शंभराच्या आसपासचें चौथाईहि उरत नाहीं. मग खालचा गडगडाट कमी झाल्यामुळें एकंदर आवाज निर्धास्तपणें चढवितां येतो, आणि त्याबरोबर व्यंजनें वर येतात. शेंगदाण्याएवढी ती वस्तु बदलून मीं तेंच प्रवचन पुन्हां लावलें.

आत्याबाई ऐकत राहिल्या. मग वडिलांचें एक वाक्य त्यांनीं त्यांच्यामागून जसेंच्या तसें म्हणून दाखविलें. मला वाटलें, जिंकलें! पण त्यांनीं मान हलविली. "शब्द कळतात रे बाळ. पण हा दादा नव्हे. दादाची कोणी पोरगा नक्कल करतो आहे."

वाचकहो, या वाक्यानें मी कांहीं वेळ निरुत्तर झालों. ज्या मंद कंपनांना मीं गाळलें होतें त्यांतच भाऊ होता. अर्थ व्यंजनांत राहतो आणि मनुष्य स्वरांत, असें म्हणावयास हरकत नाहीं. भाऊ ठेवावा तर त्याचें बोलणें जातें, बोलणें ठेवावें तर भाऊ जातो. मधला म्हणून 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घालून पाहिला, सीमा दोनशेंवर आली. तडजोडीची जी गत होते तीच त्याची झाली, दोन्ही अर्धवट. शेवटीं विद्यार्थ्यानें युक्ति काढली. मोठा आणि लहान असे दोन्ही कंडेन्सर ठेवावे, आणि त्यांच्यामध्यें एक खटका बसवावा, निवड ऐकणाराची.

तो खटका आत्याबाईंनीं एका दिवसांत आत्मसात् केला. त्यांची पद्धति अशी कीं, प्रथम मोठ्या कंडेन्सरावर चार-पांच मिनिटें ऐकावयाचें. "आधीं दादा येऊन बसूं दे," त्या म्हणतात, "मग तो काय म्हणतो तें ऐकूं." आणि मग त्या खटका फिरवितात. आश्चर्य असें कीं, एकदां भाऊ ओळखीचा होऊन बसला म्हणजे त्यानंतरच्या बारीक आवाजालाहि त्या भावाचाच मानतात. स्मृति खालचे स्वर आपल्या पदरचे घालते. हें कोणत्याहि रोधकानें किंवा कंडेन्सरानें साधलें नसतें.

अशा रीतीनें तिसऱ्या दिवशीं त्या प्रवचनाच्या अखेरीस पोंचल्या. मी जवळ होतों, पण कांहीं बोललों नाहीं. वडील म्हणाले कीं, मी 'गो' शब्दाच्या रूपांत अडलों आणि माजघरांतून बहिणीनें तें सांगितलें. माझी पहिली गुरु ती. आत्याबाईंनीं तें दोनदां ऐकलें. तिसऱ्यांदां लावावयास सांगितलें. मग पदरानें डोळे पुसून त्या ठसक्यानें म्हणाल्या, "'गो' नव्हे. 'सखि' शब्द होता. 'गो' त्याला येत होता." आणि सखा, सखायौ, सखायः असा तो अवघड शब्द त्यांनीं सातहि विभक्तींत म्हणून दाखविला. कोणाचें स्मरण खरें, याचा निर्णय करावयास आतां तिसरा साक्षी नाहीं. मी मात्र मनांत आत्याबाईंच्या बाजूनें निकाल दिला आहे. कारण ज्याला रूप सुचतें त्यालाच तो शब्द अधिक आठवतो.

हें वाचून ज्यांना घरच्या वृद्धांसाठीं असा प्रयोग करावासा वाटेल त्यांना दोन शब्द. कान प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सर्व बहिरेपण वार्धक्याचें नसतें, आणि कांहीं साध्या उपायांनीं बरेंहि होतें. श्रवणयंत्र शिट्टी घालतें म्हणून टाकून देऊं नये. कानांत गेलेला आवाज फटींतून बाहेर येऊन पुन्हां यंत्रांत शिरतो म्हणून ती शिट्टी होते, आणि कानांत नीट बसेल असा साचा करून घेतला तर बहुधा थांबते. आत्याबाईंचा साचा आम्हीं पुन्हां करून घेत आहों. घरगुती प्रयोग सेलांवरच करावा. भिंतींतल्या विजेशीं नवशिक्यानें खेळूं नये. आणि यंत्र मुकें झालें तर वस्तु भराभर बदलीत सुटूं नये. एक वस्तु काढावी, पाहावें, परत घालावी, पुन्हां पाहावें.

राहतां राहिला मोठ्यानें बोलण्याचा प्रश्न. या दोन महिन्यांत मला एवढें कळलें कीं, म्हाताऱ्या माणसाशीं ओरडणें हें बहुधा व्यर्थ असतें. ओरडण्यानें स्वर तेवढे वाढतात. समोर बसावें, तोंड दिसूं द्यावें, सावकाश बोलावें, आणि व्यंजनें स्पष्ट उच्चारावीं. आमच्या लहानपणीं पाठांतराच्या वेळीं पंतोजी छडी घेऊन हेंच सांगत असत. याला ट्रॅन्झिस्टर लागत नाहीं. आणि आमटींतल्या मिठाची गोष्टहि अशा रीतीनें सांगतां येते.